बाटलीवरचा आकडा

हे प्रकरण अनूदादाला आवडणार नाही. न आवडो. माझ्या निवृत्तीला आता थोडेच महिने उरलेत, केस पांढरे झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, पण या एका गोष्टीचा राग काही अंगातून उतरला नाही. राग शांत झाल्यावर लिहू, असं म्हणून मी ही पानं कितीदा बाजूला सारली. तो शांत होणार नाही हे आता कळलंय. तेव्हा रागासकटच लिहिते. आणि आधीच सांगून ठेवते, यात मी बसले त्या पंगतीतली आमटी कोणी दुसऱ्यानेच सांडली असं नाही. थोडी मीही सांडली आहे.

आमचं घर छत्तीसगढात, शहराच्या पुरानी बस्ती भागात होतं, दोन खोल्या खाली आणि एक वर, भाड्याची. सकाळी शेजारच्या देवळातली घंटा, मग नळाचं पाणी, मग आईच्या पोळपाटाचा आवाज, हा क्रम कधी बदलला नाही. बाबा शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे पोलादासाठी कच्चं लोखंड बनवणाऱ्या, कारखान्यात केमिस्ट होते. कंपनीची बस सव्वासातला चौकात यायची आणि बाबा सातलाच डबा घेऊन उभे. डब्यात पोळ्या, लाल भाजी, आणि लोणच्याची फोड वेगळ्या कागदात, कारण लोणचं भाजीला लागलेलं त्यांना चालायचं नाही. रविवारी आई गोळाभात करी, वरून कडकडीत तेलाची फोडणी ओतली की आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, निम्म्या लोकांना वास जायचा आणि कोणी ना कोणी वाटी घेऊन यायचंच. बाबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर नारिंगी डाग होते. साबणाने जात नसत. लहानपणी मला वाटे सगळ्यांच्या बाबांना तसे डाग असतात.

ते डाग डायक्रोमेटचे. ही गोष्ट समजायला एवढं रसायन पुरे: लोखंडाचा नमुना आम्लात विरघळवायचा, मग उभ्या काचेच्या नळीतून हे नारिंगी द्रावण त्यात थेंब थेंब सोडायचं. हिरवं पाणी एका थेंबात जांभळं झालं की थांबायचं. किती द्रावण लागलं त्यावरून मालात लोखंड किती ते काढायचं. मेख अशी की द्रावण दर वेळी अगदी सारख्या ताकदीचं बनत नाही. म्हणून नवी बाटली भरली की बाबा ती आधी तपासत आणि तिच्या ताकदीचा आकडा लेबलवर लिहीत. त्याला ते फॅक्टर म्हणत. एका बाटलीचा एक पूर्णांक शून्य शून्य चार, दुसरीचा शून्य पूर्णांक नऊ आठ आठ. येणाऱ्या उत्तराला त्या आकड्याने गुणायचं, की उत्तर खरं. बाटली आठ-दहा दिवस चाले. बाटली बदलली की आकडा बदलला. बाबांचा सगळा धर्म त्या लेबलवर होता. देवाला हात जोडताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही, पण लेबल लिहिताना ते चप्पल काढून उभे राहत.

त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. लॅबमध्ये कंपनीने कॉम्प्युटर आणून ठेवला, त्यात कलकत्त्याहून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि ते लोखंडाचं प्रमाणपत्र छापायचं. सॉफ्टवेअरला फॅक्टर ठाऊकच नव्हता. पण बनवणाऱ्यांनी एक शहाणपणा केला होता. छापण्याआधी ते एका ठरावीक नावाची फाइल शोधायचं. सापडली तर तिच्या हाती आकडे द्यायचं आणि ती जे परत देईल ते छापायचं. ती फाइल तुम्ही कशातही लिहा, त्याला घेणंदेणं नव्हतं. मी ती शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली. म्हणजे साधा मजकूर, ओळीखाली ओळ, कोणीही उघडून वाचावा असा. वरच्याच ओळीत एफ बरोबर अमुक, आणि खाली चाळीसेक ओळी. बाबांना मी एका कागदावर लिहून दिलं: फाइल उघडणे, आय दाबणे, एफचा आकडा बदलणे, एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. तो कागद त्यांनी मॉनिटरच्या बाजूला चिकटवला आणि दर नव्या बाटलीला, चष्मा कपाळावर सारून, दोन नारिंगी बोटांनी स्वतः आकडा बदलायला लागले. ज्या माणसाने जन्मात टाइपरायटरला हात लावला नव्हता तो.

एकदा सगळं बंद पडलं. मी ऑफिसातून धावत गेले तर स्क्रिप्टमधलं एक उलटं अवतरणचिन्ह गायब. बाबा म्हणाले, "मले वाटलं काजळी आहे. रुमालानं पुसलं, गेलं नाही. मग ते बटन दाबलं, गेलं." सिलतऱ्याची काजळी तेव्हा सगळ्यावर बसायची, गच्चीवरच्या साड्यांवर, डब्यावर, तर स्क्रीनवर का नाही? मी हसून हसून खुर्चीवर बसले. बाबाही हसले. ही त्या लॅबमधली माझी शेवटची हसण्याची आठवण असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

अनूदादा नागपूरहून इंजिनिअर होऊन आला तो याच सुमारास. हैदराबादची नोकरी लागलेली, रुजू व्हायला महिना होता. दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि आमच्या घरात हे दोन वर्षांचं अंतर वीस वर्षांसारखं पाळलं जायचं. त्याच्या पोळीला तूप, माझ्या पोळीला तूप उरलं तर. एक दिवस तो बाबांबरोबर सिलतऱ्याला आला. फाटकाबाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत उभे, कारण माझी स्क्रिप्ट एक प्रमाणपत्र द्यायला अर्धा मिनिट घ्यायची. हे खरं आहे, मी नाकारत नाही. प्रत्येक ओळीला ती बाहेरून कॅल्क्युलेटर बोलवायची आणि मशीन म्हातारं. कारखान्याचे जनरल मॅनेजर, जीएम साहेब, तिथेच उभे होते. दादाने माझी फाइल उघडली आणि तो त्यांच्यासमोर हसला.

"ये किसने लिखा है?" त्याला ठाऊक होतं कोणी लिहिलंय.

"शुभाने," बाबा म्हणाले.

"शेल स्क्रिप्ट काही प्रोग्रामिंग नसते बाबा. ही चिठ्ठी आहे चिठ्ठी. मी सी मध्ये लिहून देतो, कंपाइल करून. पलक झपकते ही निकल आएगा." मग बाटलीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "फॅक्टर किती?"

बाबांनी लेबल वाचलं. "एक पूर्णांक शून्य शून्य चार."

या दोन वाक्यांवर माझ्या घराचं काय काय झालं ते पुढे येतंच आहे. दादाने विचारलं किती. हा आकडा बदलतो का, असं त्याने विचारलं नाही. आणि बाबांना वाटलं इंजिनिअर आहे, एवढं त्याला ठाऊक असणारच. मी दारात उभी होते. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही, कारण माझ्या चिठ्ठीवर दादा नुकताच सगळ्यांसमोर हसला होता.

चार दिवसांनी दादा आपल्या जुन्या कॉलेजच्या लॅबमधून कंपाइल करून, म्हणजे लिहिलेल्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करून, फ्लॉपी घेऊन आला. माझी फाइल काढली, त्याची ठेवली. प्रमाणपत्र खरंच एंटर दाबता दाबता बाहेर. जीएम साहेबांनी पेढे मागवले, दादाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "वसंतराव, आपका लड़का हीरा है." घरी आईने पुरणपोळ्या केल्या. त्या पुरणपोळ्यांसाठी डाळ मी वाटली, पाट्यावर, घाम येईपर्यंत. कोणी विचारलं नाही की पोट्टी, तुझ्या त्या कामाचं काय झालं. पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली आणि पंडरी भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. माझ्या स्क्रिप्टची फ्लॉपी मी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली. दादा हैदराबादला गेला.

इथे एक गोष्ट सरळ करून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारीला कंपाइल केलेल्या कोडाचं वावडं आहे. मी पुढे पंचवीस वर्षं तेच लिहून पोट भरलं. जिथे घाई आहे, जिथे आकडे लाखोंनी आहेत, तिथे तेच हवं. पण जी गोष्ट दर आठवड्याला एका माणसाला हाताने बदलायची आहे ती त्याच्या हाताला लागेल अशी ठेवावी, एवढं शहाणपण लागतं. दादाने तो आकडा नुसता बाहेर एखाद्या साध्या फाइलमधून वाचला असता तरी चाललं असतं. दोन ओळी जास्त. त्या दोन ओळी लिहायला समोरच्या म्हाताऱ्याला एक प्रश्न विचारावा लागतो, आणि हिऱ्यांना प्रश्न विचारायची सवय नसते.

बाटली संपली. बाबांनी नवी बनवली, तपासली, लेबलवर आकडा लिहिला आणि नेहमीप्रमाणे फाइल उघडली. पडद्यावर भलतीसलती चिन्हं नाचली आणि मशीन टँ टँ करायला लागलं. बाबांना वाटलं आपण मोडलं. त्यांनी घाबरून मेन स्विच बंद केला. नंतर कळलं की त्या फाइलमध्ये वाचण्यासारखं काही नाहीच, ती फक्त मशीनसाठी आहे. मग त्यांनी हाताने गुणाकार करून प्रमाणपत्रावर पेनाने आकडा दुरुस्त केला. ऑफिसने ते परत पाठवलं, खाडाखोड चालणार नाही. बाबांनी चौकातल्या बूथवरून हैदराबादला फोन लावला. मी बरोबर होते.

"दादा, तो फॅक्टर बदलाचा कसा रे?" बाबांनी विचारलं. बाबाही त्याला दादाच म्हणत.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, कारण तो ओरडून बोलत होता. सोर्स, म्हणजे बदलता येईल असा मूळ मजकूर, कॉलेजच्या मशीनवर राहिला, ते अकाउंट बंद झालं, दिवाळीत आल्यावर बघू. आणि मग म्हणाला, "तब तक आप सोल्यूशनच त्या फॅक्टरचं बनवा ना बाबा. एक पूर्णांक शून्य शून्य चारचं. कितना मुश्किल है?"

बाबा रिसीव्हर ठेवून म्हणाले, "हव, होऊन जाईन."

आणि त्यांनी ते केलं. तीस वर्षं बाटलीला प्रामाणिकपणे विचारून आकडा लिहिणारा माणूस आता आकडा आधी ठरवून बाटली त्याला जुळवायला बसला. चिमूटभर पूड टाक, तपास, पाच मिलिलिटर पाणी घाल, पुन्हा तपास. एक बाटली जुळवायला दीड दिवस. जेवणाची सुट्टी त्यात जाई, डबा तसाच परत येई, आणि आई विचारी, "काहून जेवले नाही?" तर ते म्हणत काम होतं. जीएमना सांगा, असं आईनेही सुचवलं नाही. उलट म्हणाली, "पोराच्या नोकरीची सुरुवात आहे. त्याचं नाव नका घेऊ तिथं." घरात सगळ्यांनी मिळून एका पोराचं नाव जपायचं ठरवलं आणि ते जपायला बाबांची बोटं लावली.

एका संध्याकाळी बाबा वरच्या खोलीत आले. मी क्लासचे पेपर तपासत होते. ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "शुभे, तुझी ती जुनी फाइल असंन नं कुठी? लावून देतं का परत? मले ती वाचता येते."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "ती तर चिठ्ठी आहे. तुमच्या इंजिनिअरले विचारा."

ते "बरं" म्हणून जिना उतरले. फ्लॉपी माझ्यापासून चार हातांवर होती, साड्यांच्या घडीखाली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही, आणि दादाशी भांडताना तर मुळीच नाही.

पुढच्या आठवड्यात आईच्या भाच्याचं लग्न नागपूरला निघालं. बाबा तीन दिवस जाणार. प्रमाणपत्रावर सही फक्त त्यांची चाले, म्हणून जीएमच्याच सांगण्यावरून ते कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून गेले. अशी पद्धतच होती, सुट्टीवर जाताना दर वेळी तसंच करत. धनेश म्हणून त्यांचा मदतनीस केमिस्ट होता, छत्तीसगढी, कामाला चोख. त्याला बाबा सांगून गेले की बाटली पुरेल, नवी बनवू नको. का, ते सांगितलं नाही, कारण त्यात दादाचं नाव आलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी बाटली कोणाच्या तरी कोपराने फुटली. धनेशने काय करावं? बाबांनी शिकवलं तेच केलं. नवी बनवली, नीट तपासली, लेबलवर खरा आकडा लिहिला: शून्य पूर्णांक नऊ सात दोन. तो आकडा कोणी वाचला नाही. आतला प्रोग्राम एक पूर्णांक शून्य शून्य चारनेच गुणत राहिला. एकोणऐंशी टक्के लोखंडाचा माल ब्याऐंशीचा म्हणून, बाबांच्या सहीने, ट्रक भरभरून बाहेर पडला.

बाबा कामावर परतले आणि लोखंड कमी भरलं म्हणून माल परत आला. बाबा त्या दिवशी दुपारीच घरी आले, बसने नाही, टेम्पोने, डबा न उघडलेला. जीएमने सगळ्यांसमोर त्यांना विचारलं होतं, "किसके कहने पर बढ़ाया, वसंतराव?" म्हणजे तुम्ही कोणाचं तरी ऐकून माल चढवून दाखवला. लेबल लिहिताना चप्पल काढणाऱ्या माणसाला हे विचारलं. आणि बाबांनी काय लिहून दिलं? द्रावणाच्या कामात माझी चूक झाली. प्रोग्रामचं नाव नाही, दादाचं नाव नाही, धनेशचंही नाही.

"असं काहून लिहिलं?" मी ओरडले. बाबांवर मी त्याआधी कधी ओरडले नव्हते. "खोटं काहून लिहिलं?"

"तो नवा आहे तिथं," बाबा म्हणाले. "मी तर जुना आहे."

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे नं शुभे, आता काहून आवाज करून राहिली?" मला त्या दोघांचाही इतका राग आला की मी वर गेले, कपाट उघडलं, साड्या जमिनीवर फेकल्या आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या बसमध्ये मी बाबांच्या शेजारी बसले. ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. लॅबमध्ये जीएमना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर माझी फाइल लावली, धनेशच्या बाटलीचा आकडा घातला आणि त्या तीन दिवसांच्या नोंदींवरून सगळी प्रमाणपत्रं पुन्हा काढली. प्रिंटर करकरत राहिला. प्रत्येकाला अर्धा मिनिट. सगळे उभ्याने वाट पाहत होते, बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. एकोणऐंशी, एकोणऐंशी, साडेअठ्ठ्याहत्तर. मग मी पडद्यावर ती वरची ओळ दाखवली आणि बाटलीचं लेबल शेजारी धरलं.

जीएमनी वाकून वाचलं. "ये तो मैं भी पढ़ सकता हूँ," ते म्हणाले.

"जी. दूसरा वाला पढ़कर दिखाइए," मी म्हटलं.

दुसरा कोणी लावला आणि त्यावर पेढे कोणी वाटले, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नेमकं म्हणूनच ते पुढे कोणी काढलं नाही. माल चढवल्याचा आरोप मागे घेतला. पण सही बाबांची होती, कबुलीही बाबांची होती, आणि वर कोणाचं तरी नाव कळवायचं होतं. ते नाव स्वतःचं लिहायची जीएमची तयारी नव्हती. बाबांचा सहीचा अधिकार काढून त्यांना गोदामात बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. वर्षभरात त्यांच्या बोटांवरचे डाग गेले. आई म्हणायची, हात कसे स्वच्छ झाले बघा. मला ते हात बघवत नसत.

दादाला वाटतं बाबांनी गोदाम स्वतः मागून घेतलं, दगदग नको म्हणून. मागच्या वर्षी त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला तो चार लोकांत म्हणाला, माझा पहिला प्रोग्राम मी वडिलांच्या लॅबसाठी लिहिला, आज भी चलता होगा. मी हातातली ताटली ठेवून उठून आले. त्याचा प्रोग्राम चार महिने चालला. माझी चिठ्ठी मात्र पुढे कित्येक वर्षं चालली, धनेशच्या सहीने.

प्रमाणपत्रं पुन्हा काढली त्याच दिवशी, गोदामाचा हुकूम मिळाल्यावर, लॅब सोडण्याआधी बाबा मशीनसमोर बसले. मला वाटलं आकडा पुन्हा तपासतायत. चष्मा कपाळावर, दोन बोटं, एकेक अक्षर शोधून. बराच वेळ लागला. मी मागून जाऊन पाहिलं. एफच्या ओळीच्या वर त्यांनी एक नवी ओळ घातली होती, इंग्रजी अक्षरांत आपली भाषा, पुढे टिपेची खूण, म्हणजे ओळ मशीनसाठी नाही, वाचणाऱ्यासाठी; ती माझ्या फाइलमध्ये बघून बघून शिकलेली. लिहिलं होतं: एफ बाटलीवरून घेणे. कोणाले विचाराचं काम नाही.

मी ती वाचली हे त्यांना कळलं. त्यांनी एस्केप दाबलं, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर, कागदाकडे न बघता. मग डबा उचलला आणि गोदामात कोणाला भेटायचं ते धनेशला विचारून निघाले.